शेवटची कुठे पाहिली होतीस?

नमस्कार मंडळी.

मंगळवारी आमच्या घरी भांडण झालं. आई म्हणाली, "इथे येऊन तुम्ही संस्कृती घालवलीत." मीही आवाज चढवला. तेवढ्यात आमची सात वर्षांची लेक म्हणाली, "आजी, शेवटची कुठे पाहिली होतीस?" आणि सोफ्याखाली वाकून बघायला लागली. हातमोजा हरवला की आम्ही तिला हेच विचारतो, इंग्रजीत. आजीसाठी तिने ते मराठीत विचारलं.

तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. संस्कृती जपायची, टिकवायची, पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची, असं आपण म्हणतो. जणू आजीच्या पाटल्याच! पण शब्द मुळात काय सांगतो? सम् हा उपसर्ग आणि कृ, म्हणजे करणं, हा धातू. पाणिनीचं सूत्र आहे, ‘स्त्रियां क्तिन्’. धातूला हा ‘क्तिन्’ प्रत्यय लागला की क्रियेचं नाव तयार होतं: गती, स्तुती, कृती, संस्कृती. गती कपाटात ठेवता येते का? चालणं थांबलं की ती नसतेच, हरवायलाही उरत नाही.

अशी नावं खरोखर एखाद्या वेगळ्या वस्तूची असतात का, हा वाद जुना आहे. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी सगळ्या गाईंमधलं एक ‘गोत्व’, म्हणजे गाईपण, खरं मानलं, बौद्ध पंडितांनी ते नाकारलं, शतकानुशतकं खंडनमंडन चाललं. त्याचा निवाडा मी काय करणार? पण धार काढायची तर गाईपाशीच बसावं लागतं.

रागावू नका, आपलेपणाने बोलतोय. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीचा अभिजात दर्जा मंजूर केला, तेव्हा आपण इथेच पेढे वाटले. मला भरून आलं होतं, आजही येतं. पण पेढ्यासाठी हात पुढे करणाऱ्या मुलांना आपण काय म्हणालो? ‘ओन्ली वन, ओके?’ गणपतीतल्या नाटुकल्याचे संवाद ती रोमन लिपीतून पाठ करतात आणि विंगेत आली की आपण शाबासकी इंग्रजीत देतो.

माझ्याही घरी तेच आहे. मी आणि बायको आपसात मराठी बोलतो, लेकीकडे वळलो की इंग्रजी. हे मला मंगळवारी पहिल्यांदा ऐकू आलं.

आईचं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं आहे. रविवारी लेक उठून खाली आली की पहिलं वाक्य मराठीत बोलायचं, एवढं मी ठरवलंय. तिने उत्तर इंग्रजीत दिलं, तर दुसरं वाक्य माझ्या तोंडून कुठल्या भाषेत येईल, याची मला धास्ती वाटते.