मिनिटाला 22 थेंब

जानेवारी. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलीय, पाळणे फिरतायत. आणि इथं मुलांच्या वॉर्डात, सोलापुरी चादरीच्या घडीवर, आठ महिन्यांचं हे बाळ. त्याच्या छातीकडे बघा. दर श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय. सिस्टरनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, 64 भरले. या वयात 50 म्हणजेच धाप. व्हायरसचा न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन लावलाय. अंगावर प्यायला दम पुरत नाही, म्हणून सलाईन.

बाटलीखाली हे रेघा आखलेलं नळकांडं दिसतं, ते ब्युरेट. बाटली बाळाला थेट जोडत नाहीत. आधी ब्युरेटमध्ये मोजून घेतात आणि वरचा चाप बंद करतात. चुकून सगळं धावलं, तरी तेवढंच जाईल.

वजन 8 किलो. किलोला 100 मिली, म्हणजे दिवसाला 800. हा हिशेब 1957 सालचा. पण न्यूमोनियात शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमी होते. म्हणून, बाळ सुकलेलं नाही याची खात्री करून, डॉक्टरांनी दोन-तृतीयांशच लिहिलंय. तासाला 22 मिली. या बारीक सेटमध्ये 60 थेंबांचं एक मिली होतं, त्यामुळे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. सिस्टर घड्याळ धरून मोजतायत. वीस... एकवीस... बावीस.

"बाई, लई हळू चाललीय. सोडा की जरा जोरात."

"आजी, जास्त गेलं तर पाणी छातीत साचतंय."

सलाईन म्हणजे ताकद, हा समज आता जायलाच हवा. बाटलीत पाणी, मीठ आणि थोडी साखर असते. मीठही रक्तातल्या मिठाच्या जवळपास लागतं. 2018 साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही तेच सांगितलं. कमी मिठाचं पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येतात, जीवही जातो.

हा लंगोट काट्यावर. ओल्या वजनातून कोरडं वजा केलं, 36 ग्रॅम. म्हणजे चार तासांत 36 मिली लघवी. किलोला तासाला एक मिली तरी हवी, झाली. रोज सकाळी बाळाचंही वजन होतं. वाढलं, तर सिस्टरना आनंद होत नाही, त्या आधी पापण्यांची सूज बघतात.

तिसरा दिवस. श्वास 44. नाकातल्या नळीतून आईचं दूध, सिरिंज आईनंच धरलीय. ब्युरेटचा चाप बंद.