काटा कुठे चढतो?

ही गाडी शहरात तापत नाही. मे महिन्याची दुपार, नाशिकच्या द्वारका चौकात वाहनांची रांग, आत बसलेला माणूस घामाने निथळतोय, पण काटा मध्यावरच. विल्होळी मागे पडली, वेग ऐंशीच्या वर गेला, की तोच काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो.

पस्तीस वर्षं जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार. वर्षभरात रेडिएटर नवा झाला, वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, नवी झाली. एका ठिकाणी तर थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्हच, काढून टाकला. ‘व्हॉल्व्ह काढला की पाणी मोकळं फिरतं’ हा आपल्याकडचा जुना समज, आणि तो चुकीचा आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा व्हॉल्व्ह नसला, तर काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं.

सातपूरच्या मिस्तरींनी पान्याला हात लावण्याआधी मालकाला विचारलं, “तापते कुठे? ट्रॅफिकमध्ये का रस्त्याला?”

“हायवेला, काका. उभी असली की काहीच नाही.”

म्हणजे पंखा, त्याचा स्विच, रिले ठीक. उभ्या गाडीत हवा ओढायचं काम तेच करतात. पळत्या गाडीत तापतंय, तर पाणी कमी फिरतंय किंवा हवा कमी लागतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम इंजिनाचं झाकण ते कुणालाच उघडू देत नाहीत. हे झाकण कुकरसारखं दाब धरतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११५ अंशांनाही उकळत नाही. झाकणाचं रबर वाळलं की हा सगळा फायदा गेला. इथलं रबर चांगलं होतं. इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे नाहीत, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, हेड गॅस्किट, शाबूत. रेस वाढवून रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, पाहिला. आत स्प्रिंग आहे, चिपकत नाही.

मग मिस्तरी गाडीखाली झोपले. बंपरच्या मागे बोल्टची चार रिकामी भोकं, कडांना ताजा गंज.

या गाडीला पुढून जाळी नाही. नाक इतकं खाली, की ती बंपरखालूनच श्वास घेते. तिथे एक प्लॅस्टिकची पट्टी लोंबत असते. ती हवा अडवते आणि वर रेडिएटरकडे वळवते. एखाद्या स्पीडब्रेकरने ती ओरबाडून नेली असणार, आणि शोभेची समजून पुन्हा कुणी लावली नाही. गावात पंखा स्वतः हवा खेचतो, म्हणून दुखणं दिसत नव्हतं. वेगात मात्र हवा रेडिएटरला न शिवता पोटाखालून निघून जात होती.

नवी पट्टी ट्रकच्या मडफ्लॅपच्या रबरातून कापली. स्पीडब्रेकरवर वाकेल, तुटणार नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींत फोम भरला, थर्मोस्टॅट परत बसवला, कुलंट भरून एअर काढली.

घोटी, इगतपुरी, कसारा घाट उतरून पुन्हा चढून. वर आल्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. पंखा लागला. थोड्या वेळाने आपोआप बंद झाला. काटा मध्यावर.