पोदेराचं यीस्ट आणि जनुकांची रस्सीखेच

(भट्टीतला उजेड. पिठाने माखलेले हात.)

गोव्यात म्हापशाजवळच्या या पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीत पहाटे चारलाच पीठ फुगून तयार असतं. बोटाने दाबलं की खळगा पडतो, मग सावकाश वर येतो. कोंड्यात घोळवलेल्या पोया, म्हणजे गोव्याचे पाव, थोड्याच वेळात सायकलवर चढतील आणि पों-पों करत दारोदार जातील. जुनी माणसं सांगतात, पूर्वी सूर, म्हणजे ताजी माडी, घालून पीठ फुगवत. आता पुड्यातलं यीस्ट आलं. राबतं ते तेव्हाही यीस्टच, आताही यीस्टच.

(चिमूटभर यीस्ट, जवळून.)

यातल्या एकेका पेशीत सुमारे ६००० जनुकं. जनुक म्हणजे प्रथिन घडवण्याची कृती. कृतीच्या प्रती वाढल्या की प्रथिनही वाढतं. पण किती वाढलं म्हणजे पेशीला सोसत नाही?

हे मोजायला जपानच्या हिसाओ मोरिया आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पेशीतच रस्सीखेच लावली. प्लाझ्मिड नावाची डीएनएची कडी पेशीत सोडायची. तिच्यावर एक जनुक परीक्षेचं, दुसरं ल्युसिन (प्रथिनांचा एक घटक, ज्याशिवाय पेशी वाढत नाही) बनवणारं, मुद्दाम अशक्त केलेलं. मग ल्युसिन नसलेल्या खाद्यात पेशी वाढवायच्या. ल्युसिन पुरं पडायचं तर कड्या शंभराच्या वर हव्यात. पण कडीगणिक परीक्षेचं जनुकही वाढतं. ते बाधत असेल, तर कमी कड्यांच्या पेशी तगतात. ही ओढाताण जिथे थांबते ती मर्यादा, आणि त्या कड्या पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या तंत्राने, मोजायच्या. हा आकडा खुद्द पेशीकडून वदवून घेतलेला असतो, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

२०१३ मध्ये त्यांनी प्रथिनं घडवणारी यीस्टची सगळी जनुकं अशी तपासली. ८० टक्क्यांहून अधिक जनुकांच्या शंभर प्रतीही पेशीने पचवल्या! ११५ जनुकांना मात्र दहा किंवा त्याहून कमी प्रतींतच घरघर लागली.

का? काही जनुकं मुळातच भरमसाट प्रथिन बनवतात. त्यांच्या जागी पेशीच्या काही कामाचं नसलेलं, हिरवं चमकणारं प्रथिन बनवायला लावलं, तरी पेशी तशीच थकली. नुसतं घडवण्याचंच ओझं.

(सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारी पेशी.)

काहींचं दुखणं जोडीदाराचं. पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनच्या जोड्यांनी बनतात. एकटं बीटा वाढवलं की पेशी मरते. सोबत अल्फाचं जनुकही वाढवलं, तर जगते.