'गेट रेडी!' : रॅप कापून ऐकलेला अल्बम

रसिकहो,

'टू अनलिमिटेड' या जोडीचा 'गेट रेडी!' हा पहिला अल्बम बेल्जियमच्या बाइट रेकॉर्ड्सने फेब्रुवारी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. युरोडान्सचा, म्हणजे १९९०च्या दशकात युरोपात गाजलेल्या वेगवान नृत्यसंगीताचा, विषय निघाला की अजूनही पहिला आक्षेप असा घेतला जातो, की या गाण्यांत ठेका आहे, पण शब्द नाहीत. हा आक्षेप या जोडीवर सर्वाधिक घेतला गेला आणि तो ब्रिटनमध्ये घेतला गेला. गंमत अशी, की ज्या रेकॉर्डांवरून तो घेतला गेला, त्यांतले बरेचसे शब्द ब्रिटनमधल्याच कंपनीने प्रकाशनापूर्वी काढून टाकले होते. अल्बमच्या स्वागताचा हा भाग मला आज जरा सविस्तर मांडायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या नृत्यगृहांत 'न्यू बीट' नावाचा संथ, जड आणि काहीसा उग्र प्रकार रुजला होता. त्याचा जोर ओसरू लागला तेव्हा स्टुडिओंत काम करणारी अनुभवी मंडळी टेक्नोकडे, म्हणजे यंत्रांवर बेतलेल्या वेगवान नृत्यसंगीताकडे, वळली. जाँ-पॉल डी कॉस्टर आणि फिल वाइल्ड हे दोघे निर्माते त्यांतलेच. 'बिझ निझ' या नावाने त्यांनी केलेले एक गाणे १९९० मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले होते. 'गेट रेडी फॉर धिस' हे त्यांनी प्रथम निव्वळ वाद्यसंगीत म्हणून तयार केले. पुढे त्यावर रॅप हवा असे त्यांना वाटले आणि त्यांनी ॲमस्टरडॅमच्या रे स्लाइनगार्डला तो लिहायला सांगितले. रेने रॅप तर लिहिलाच, शिवाय कोणी मागितलेला नसताना अनिता डॉथ या आपल्या परिचित गायिकेचा आवाजही त्यात घातला आणि ध्वनिमुद्रण परत पाठवले. निर्मात्यांना ते इतके पसंत पडले, की एका रॅपरला दिलेल्या कामातून एक जोडी उभी राहिली.

त्या काळी नृत्यसंगीतात आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा हा प्रकार सर्रास चाले. बेल्जियमच्याच 'टेक्नोट्रॉनिक'च्या १९८९ च्या गाजलेल्या गाण्याला आवाज 'या किड के' नावाच्या गायिकेचा होता, तर चित्रफितीत ओठ हलवत होती फेली नावाची मॉडेल. इटलीच्या 'ब्लॅक बॉक्स'ने त्याच वर्षी लोलिआटा हॉलोवेच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज उचलून दुसऱ्याच मॉडेलला पडद्यावर उभे केले. दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या 'मिली व्हॅनिली' या जोडीच्या प्रकरणात तर १९९० मध्ये ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यापर्यंत मजल गेली. या पार्श्वभूमीवर रे आणि अनिता स्वतःच्या आवाजात गात होते आणि चित्रफितीत स्वतःच दिसत होते, ही गोष्ट लहान नाही.

आता 'गेट रेडी फॉर धिस' थोडे जवळून ऐकू. सुरुवातीला अमेरिकन हिप-हॉपमधून उचललेली एक ललकारी येते. मग सिंथेसायझरवर पितळी वाद्यांच्या थाटाचे आखूड, तुटक आघात सुरू होतात. त्यांतला स्वर जितका लक्षात राहतो, तितकीच दोन आघातांमधली रिकामी जागाही राहते, कारण खालचा ढोल प्रत्येक मात्रेवर नेमाने पडत असतो आणि वरचे आघात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे सरकत त्याला हुलकावणी देत राहतात. रॅप असलेल्या आवृत्तीत ही धून ध्रुवपदाचे काम करते. कडव्यात ती मागे सरते, रे मोकळ्या जागेत बोलतो आणि ती परत आली की वाट पाहायला लावल्याचे चीज होते. रॅप काढला की ही वाट पाहणेच संपते आणि तीच धून सतत कानावर आदळत राहते. नाचणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. बसून ऐकणाऱ्याला मात्र हे संगीत एकसुरी वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

बाकीचा अल्बम तितका भक्कम नाही, हे मान्य केले पाहिजे. 'ट्वायलाइट झोन' माझ्या मते यातली सर्वांत चांगली रचना आहे. तिच्यात रेव्ह संगीतातला, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांतल्या उग्र संगीतातला, काळोख आणि लोकप्रिय गाण्याची सहजता यांचा मेळ बसला आहे. 'वर्काहोलिक' चटकदार आहे, 'द मॅजिक फ्रेंड' बरे आहे. 'डिलाइट', 'कॉन्ट्रास्ट' यांसारख्या गाण्यांत तेच साहित्य पुन्हा वापरल्यासारखे वाटते. तसे पाहिले तर युरोडान्सचा ठरीव साचा, म्हणजे स्त्रीच्या आवाजातले सुरेल ध्रुवपद आणि पुरुषाचा रॅप, या अल्बममध्ये अजून पुरता बसलेला नाही. निम्मा जीव रेव्हमध्ये आणि निम्मा पुढच्या युरोडान्समध्ये, अशी त्याची अवस्था आहे.

ब्रिटनमध्ये ही गाणी निर्माते पीट वॉटरमन यांच्या पीडब्ल्यूएल कंपनीने, युरोपातल्या संगीतासाठी काढलेल्या 'पीडब्ल्यूएल कॉन्टिनेंटल' या शाखेतून आणली. सुरुवातीच्या सिंगल्समधून, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांमधून, रेचे रॅप वगळण्यात आले. 'गेट रेडी फॉर धिस' तर तिथे वाद्यसंगीत म्हणूनच विकले गेले. विक्रीच्या दृष्टीने हा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. 'गेट रेडी फॉर धिस' दुसऱ्या क्रमांकावर गेले, 'ट्वायलाइट झोन'ही दुसऱ्या, 'वर्काहोलिक' चौथ्या आणि 'द मॅजिक फ्रेंड' अकराव्या क्रमांकावर. मात्र ज्या अल्बममध्ये ही चारही गाणी होती, तो ३७ व्या क्रमांकावर अडकला. लोकांना गाणी हवी होती, पण ती कोणाची आहेत याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते, असा या आकड्यांचा अर्थ मी लावतो. जिथे एका गायकाचा आवाज बहुतांशी कापला जातो, तिथे श्रोत्याने त्या गायकांचा अख्खा अल्बम विकत घ्यावा तरी कशासाठी?

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'नो लिमिट' हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्यासोबतचा दुसरा अल्बमही अग्रस्थानी पोहोचला. त्याही गाण्याच्या ब्रिटिश आवृत्तीतून रॅपचा बराचसा भाग गेला होता, आणि जे उरले त्यात 'टेक्नो' या शब्दाची पुनरुक्ती उठून दिसत होती. 'स्पिटिंग इमेज' या बाहुल्यांच्या उपहासपर कार्यक्रमाने मग, या गाण्यात शब्दच नाहीत, अशा आशयाचे विडंबन सादर केले. विडंबन खुसखुशीत होते यात शंका नाही. पण त्याचा नेम रे आणि अनितावर होता आणि कात्री चालवणारे नामानिराळे राहिले. ब्रिटनमध्ये जी प्रतिमा तेव्हा रूढ झाली, तिने मागे जाऊन 'गेट रेडी!'लाही वेढले.

अमेरिकेत वेगळेच घडले. तिथे 'गेट रेडी फॉर धिस' नृत्यगृहांपेक्षा क्रीडागारांत रुजले. खेळाडू मैदानात उतरताना किंवा खेळ थांबलेला असताना प्रेक्षकांना चेतवायला आठ-दहा सेकंदांची ती धून पुरेशी होती. १९९५ मध्ये मैदानावरच्या अशा संगीताचा 'जॉक जॅम्स' हा संग्रह निघाला आणि त्यात हे गाणे अर्थातच होते. तेव्हापासून बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या असंख्य प्रेक्षकांना ती धून तोंडपाठ आहे, पण ती कोणाची हे विचारले तर फारच थोडे सांगू शकतील.

१९९६ मध्ये रे आणि अनिता बाहेर पडले. नाव निर्मात्यांकडे होते. १९९८ मध्ये त्यांनी दोन नव्या गायिका घेऊन त्याच नावाने आणखी एक अल्बम काढला. आवाज बदलले तरी माल तोच, हा हिशेब या वेळी मात्र साधला नाही. प्रतिसाद क्षीण मिळाला आणि ते पर्व लवकरच आटोपले. २००९ मध्ये मूळ जोडी पुन्हा एकत्र आली तेव्हा तिला 'रे अँड अनिता' या नावाने रंगमंचावर यावे लागले. 'टू अनलिमिटेड' हे नाव वापरण्याची मुभा त्यांना मिळाली ती २०१२ मध्ये, म्हणजे 'गेट रेडी!' निघाल्यानंतर वीस वर्षांनी.