लग्न झालं, खोकी उरली: सजावटीचं सामान विकायचं कसं?

[टेबलावर एक बंद खोकं]

नमस्कार! हे खोकं माझ्या लग्नानंतर अकरा महिने माळ्यावर पडून होतं. आत बारीक दिव्यांच्या माळा होत्या, एकच संध्याकाळ लावलेल्या. उघडलं तर सेल पाझरलेले, डब्यांतल्या पट्ट्या गंजून हिरव्या पडलेल्या आणि निम्म्या माळा कायमच्या बंद. नंतर विकू, नंतर विकू म्हणत मी ते सामान वाया घालवलं, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून आधी एक काम करा: सगळ्या माळांमधले सेल आजच काढा. हा व्हिडिओ थांबवून काढलेत तरी चालेल. आणि चपटे बटण सेल असतील तर लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

आता विक्रीचं. जाहिरात पहिल्या पंधरवड्यातच टाका. कुठली वस्तू किती आणली, केवढ्याला आणली हे तेव्हा डोक्यात ताजं असतं, बिलंही सापडतात. जाहिरात टाकण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या, यातलं भाड्याचं काही नाही ना? आवराआवरीत डेकोरेटरचे स्टँड आणि टेबलक्लॉथ हमखास आपल्या सामानात येतात. ते आधी परत करा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगते. घेणारा माणूस एक फुलदाणी शोधत नसतो. त्याला वीस टेबलं सजवायची असतात आणि सगळी एकसारखी दिसायला हवी असतात. तीच फुलदाणी वीस वेळा शोधून जमवणं, हे त्याचं खरं काम. ते तुम्ही आधीच केलंय! म्हणून सुटं विकू नका, संच करा. एका टेबलावर काय काय होतं ते आठवा: एक फुलदाणी, तीन मेणबत्तीचे ग्लास, एक रनर (टेबलाच्या मधोमध पसरायची लांब कापडी पट्टी), एक नंबराची पाटी. असा एका टेबलाचा संच आणि असे वीस संच. गिऱ्हाईक दहाच मागत असेल तर दहा द्या, पण पाच-पाचच्या खाली फोडू नका, नाहीतर शेवटी कुणालाच न पुरणारे तीन नग घरात राहतात. साठ ग्लासांपैकी सत्तावन्न धड असतील तर सत्तावन्नच लिहा. तीन कमी आहेत हे घेणाऱ्याला आज कळलं तर तो सोय करेल. लग्नाच्या आदल्या रात्री कळलं तर काय होईल, हे आपल्याइतकं कोण जाणतं?

स्वच्छतेच्या बाबतीत दोन-तीन युक्त्या. ग्लासात मेण चिकटलं असेल तर ग्लास दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि चकती निघते. पण बाहेर काढल्या काढल्या त्यावर गरम पाणी ओतू नका, काच तडकेल. कापडावर लिलीचे पराग पडले असतील तर पाणी लावू नका आणि चोळूही नका, डाग पक्का बसतो. चिकटपट्टीने अलगद टिपून घ्या. साटीनच्या रनरला उलट्या बाजूने, मंद इस्त्री.

फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज मात्र विकायचा नाही. एकदा भिजून वाळला की तो पुन्हा नीट पाणी धरत नाही. शिवाय तो प्लास्टिकच आहे, चुरा होतो पण कुजत नाही. नाल्यात किंवा झाडांच्या मातीत टाकू नका, सरळ कचऱ्यात द्या.

फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा. एका टेबलाची पूर्ण मांडणी दिसू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि टवका उडाला असेल तर त्याचाही जवळून फोटो द्या. समारंभातला फोटो लावायचा झाला तर पाहुण्यांचे चेहरे नकोत, आणि फोटोग्राफरने काढलेला असेल तर त्याला विचारूनच वापरा.

किंमत ठरवताना आपलं मन आडवं येतं. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि ती हौस घेणाऱ्याला दिसत नाही. मी निम्म्यापासून सुरुवात करते, नावं-तारीख छापलेल्या वस्तू बाजूलाच ठेवते. रंग फार वेगळा असेल तर आणखी खाली येते.

पैशांबाबत सावध राहा. पैसे स्वीकारायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर बोलणं तिथंच थांबवा. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ असा निरोप आला तर आधी खात्यात पैसे खरंच आलेत का ते बघा, स्क्रीनशॉटवर जाऊ नका. सामान शक्यतो हातोहात द्या. काच पाठवावीच लागली तर प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, आणि खोकं हलवून बघा: आत खुळखुळलं तर अजून कागद भरा.

आणि ज्यांचं लग्न अजून व्हायचंय, त्यांनी सामान आलेली मूळ खोकी, आतल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांसकट जपून ठेवा. फुलदाण्या त्याच कप्प्यांत परत जातात.