नव्याचे नऊ दिवस आणि बोस्टनचा बर्फ

श्रोतेहो, नमस्कार.

आर्थिक जागतिकीकरण ही खरंच नवी गोष्ट आहे का? शब्द नवा आहे, यात वाद नाही. व्यापारातल्या लोकांच्या तोंडी तो 1980 च्या दशकात रुळला. पण शब्दाचं वय वेगळं, गोष्टीचं वय वेगळं. हे जरा ध्यानात असू द्या. शब्दाचं वय वेगळं आणि गोष्टीचं वेगळं.

तर, बर्फ.

बोस्टन शहरात फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. थंडीत तळी गोठतात, तो बर्फ फुकटचा. तो गरम मुलखात नेऊन विकायचा, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. 1806 साली त्यानं पहिलं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवलं. लोक हसले. माल वितळला, पैसे बुडाले, पुढे कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला. पण गडी हट्टी! मे 1833 मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज बोस्टनहून निघालं ते थेट कलकत्त्याला. पोटात 180 टन बर्फ. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरलं, तेव्हा किती बर्फ उरला असेल? सुमारे 100 टन! चार महिने उन्हातान्हातून येऊन निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत.

आता यातली गंमत ऐका. बोस्टनची जहाजं कलकत्त्याहून नीळ, कातडी असा माल भरभरून नेत, पण इकडे येताना त्यांच्याकडे आणण्यासारखं फारसं काही नसे. रिकामं जहाज समुद्रात डोलतं, म्हणून तळाशी दगडधोंडे भरत. ट्यूडर म्हणाला, दगडांऐवजी माझा बर्फ घ्या. भाडं स्वस्तात पडलं. नेथॅनिएल वायथ या त्याच्या जोडीदारानं घोड्यानं ओढायचा, दातांचा नांगर बनवला होता. त्यानं लाद्या एकसारख्या कापल्या जात, एकीला एक चिकटून बसत, फटी उरत नसत, म्हणून वितळणंही कमी. भोवती गवत नाहीतर लाकडाचा भुसा. तो भुसा लाकूड गिरण्यांचा कचराच होता. फुकटचं पाणी, टाकाऊ भुसा आणि रिकामं जहाज, या तिघांवर धंदा उभा राहिला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या सनावळ्या पानंच्या पानं असतात, भुशाला मात्र एक ओळ मिळत नाही. परीक्षेत भुशावर पाच गुणांचा प्रश्न यायला हवा, असं माझं फार जुनं मत आहे. असो.

आणि कलकत्त्यात बर्फ नव्हता असं नाही हं. हुगळीच्या काठी थंडीच्या रात्री उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवून पातळ पापुद्रे जमवणारे लोक होते. गढूळ, पण बर्फच तो. बोस्टनचा काचेसारखा आणि स्वस्त बर्फ आला आणि त्या ताटल्या पालथ्या पडल्या. दूरदेशीच्या स्वस्त मालानं जवळचा कारागीर बसला. ओळखीचं वाटतं ना? साल 1833. शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

काही जण याहून मागे जातात. पहिल्या शतकात रोमचा लेखक प्लिनी कुरकुरला होता की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. 1571 साली स्पेननं मनिला वसवली आणि अमेरिकेतली चांदी पॅसिफिक ओलांडून चीनला जाऊ लागली. मग जागतिकीकरण तेव्हापासूनच का म्हणू नये?

यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला पटतं. मिरी आणि रेशीम हा श्रीमंतांचा माल. त्यानं साध्या शेतकऱ्याच्या भावात फरक पडत नव्हता. फरक पडला तो आगबोट आणि रेल्वे आल्यावर. 1870 नंतर अमेरिकेचा गहू युरोपात इतका स्वस्त उतरू लागला की तिथले शेतकरी हवालदिल झाले. जर्मनीनं 1879 साली आयातीवर जकात बसवली. दूरच्या पिकानं आपला भाव पडतो, ही माझ्या मते खरी खूण. आणि ही गाडी फक्त पुढेच जाते असंही नाही. 1914 च्या युद्धानं ती अडली, मंदीनं आणखी मागे ढकलली, आणि जगाच्या उत्पन्नात व्यापाराचा तोच वाटा परत यायला 1970 चं दशक उजाडलं.

मग नवं काहीच नाही? आहे की. 1956 साली माल्कम मॅक्लीननं 58 ॲल्युमिनियमच्या पेट्या जहाजावर चढवल्या, तो कंटेनर. चढउताराचा खर्च कोसळला आणि एकच वस्तू दहा देशांत तुकड्यातुकड्यांनी बनू लागली. ट्यूडरनं तयार बर्फ विकला. आज पाणी एकीकडचं, गोठवणं दुसरीकडे, लादी तिसरीकडे. एवढं मात्र खरंच नवं.

आणि तो बर्फाचा धंदा? 1880 च्या सुमारास बर्फ तिथल्या तिथे यंत्रानं बनू लागला. बोस्टनची जहाजं यायची थांबली. मद्रासला 1842 साली बांधलेलं बर्फघर अजून उभं आहे. आत बर्फ नाही.

नमस्कार.