तिसऱ्या रांगेला विसरा
(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव 'लार्प : नवोदितांसाठी मार्गदर्शन' असं छापलंय. मार्गदर्शन शेवटी करतो. आधी एका फॉर्मची गोष्ट, कारण घरी ती आता कुणी ऐकून घेत नाही आणि तुम्ही चहाच्या आशेने बसला आहात. (हशा)

लार्प म्हणजे स्वतः एखादं पात्र होऊन प्रत्यक्ष वावरायचा खेळ. तुम्ही तो नातवंडांच्या मोबाइलवर पाहिला असेल. रानात ढाली-तलवारी घेऊन धावणारी माणसं. तो प्रकार आहेच. अमेरिकेत 'दागोरहिर' नावाच्या लढाईच्या खेळातले लोक 1977 पासून फोमच्या तलवारींनी लढताहेत. इंग्लंडात 1982 साली चेशायरमधल्या पेकफोर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झालं. पण दहाबारा जणांनी एका खोलीत, तलवारीशिवाय खेळायचंही लार्प असतं. आम्हाला ते करायचं होतं, म्हणून एका सभागृहाची लहान खोली मागायला मी गेलो. कुठलं सभागृह ते विचारू नका, मला अजून तिथे सत्यनारायणाच्या वर्गणीसाठी जावं लागतं.

फॉर्मवर पहिला रकाना नाटकाच्या नावाचा. लिहिलं, 'मानस'. दुसरा लेखकाच्या नावाचा. त्यात लिहिलं, 'नाही'. कारकून म्हणाला, "मास्तर, निनावी लेखक चालत नाहीत." मग 'संहितेच्या दोन प्रती जोडाव्यात'. म्हटलं, संहिता नाही. "मग बोलणार काय?" सुचेल ते. त्याने पेन टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "म्हणजे दशावतार!"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. कारण दशावतारात आख्यान ठरतं, कोण कुठल्या सोंगात ते ठरतं आणि संवाद मात्र जागच्या जागी. पेडण्याच्या बाजूला रात्र रात्र जागलेल्यांना हे मी काय सांगायचं! ज्याने संकासुराला ऐनवेळी समोरच्याची टोपी उडवताना पाहिलंय, त्याला लार्पचं निम्मं शिक्षण फुकट मिळालंय. आपल्याकडे काल्याला, जत्रेला वाड्यावरचा प्रत्येक जण एकदा तरी तोंडाला रंग लावतो. भालदाराचं काम केलेला माणूससुद्धा पंचवीस वर्षं 'आमच्या संभाजीच्या वेळी' म्हणून सांगत असतो. मी स्वतः त्या नाटकात मुजरा केलाय, पण तो विषय लांबेल.

तर फॉर्म. पुढचा रकाना : अपेक्षित प्रेक्षकसंख्या. मी लिहिलं, शून्य.

आता तो उठलाच. म्हणाला, "प्रेक्षक ना जाल्यार नाटक कोणाक दाखयतले?" कुणालाच नाही, म्हटलं. खेळणारे तेच बघणारे. तो आत गेला, साहेबांना घेऊन आला. साहेब समजूतदार. म्हणाले, "तिकीट खपत नसेल तर पास वाटा, मास्तर, लाजायचं काय त्यात!" मी पुन्हा समजावलं. शेवटी त्यांनी तोडगा काढला की पन्नास लिहा, रकाना तर भरला पाहिजे. मी शून्यावर अडून बसलो. पुढे लेखी उत्तर आलं : 'प्रेक्षक नसल्याने आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.' हे पत्र. मागे फिरवा, पण परत द्या. लार्पची इतकी नेमकी व्याख्या मला ओस्लोतूनही मिळाली नसती. ओस्लो अशासाठी म्हटलं की 1997 मध्ये तिथून नॉर्डिक लार्पवाल्यांचं संमेलन सुरू झालं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड असं आळीपाळीने दरवर्षी भरतं आणि तिथे ते ह्याच गोष्टींवर तावातावाने वाद घालतात.

शेवटी एका मित्राच्या जुन्या घरात खेळलो. बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, त्यावर बसायला बांधलेले सोपे; मोठी खोली, मागे न्हाणीघर. विषय खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा. त्या बांधातलं पाण्याचं दार ती मानस. बांध फुटलाय, मानशीचं दार नादुरुस्त आहे, शेतांत खारं पाणी शिरलंय. ओहोटीला पाणी सोडायचं आणि भरतीला दार मिटायचं, एवढंच मानशीचं काम. पण तिथल्या मासळीचा लिलाव घेतलेला कंत्राटदार भरतीलाही दार उघडं ठेवतो. जास्त पाणी, जास्त मासळी. गावकार, कुळं, कंत्राटदार, त्याच्याकडून उसने घेतलेला एक शेतकरी, मुंबईहून आलेला गावकाराचा मुलगा. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर तीन ओळी : तू कोण, तुला काय हवंय, काय लपवायचंय. झालं. संध्याकाळपर्यंत दुरुस्तीचा खर्च कोण करणार ते ठरवा.

गावकाराचं काम आमच्या एका मुरलेल्या नटाकडे. नाव सांगत नाही, ते इथेच बसलेत. (हशा) खेळ सुरू झाला आणि ते खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. तिकडे फक्त पपईचं झाड. पण चाळीस वर्षांची सवय, समोर तिसरी रांग दिसतेच. आवाज असा की शेजारची कुत्री गप्प झाली. बाकीचे हात बांधून उभे, ह्यांचं स्वगत संपायची वाट बघत. आणि त्याच वेळी बाल्कांवावर काय चाललं होतं? बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, जन्मात रंगमंचावर न चढलेल्या. त्यांच्याकडे कर्जबाजारी शेतकऱ्याचं काम होतं. कंत्राटदाराच्या शेजारी सोप्यावर बसून त्या हळूच म्हणाल्या, "माझं कर्ज सोडा, मी सांगते दार मीच उघडलं होतं." कंत्राटदार झालेला मुलगा उत्तरच देईना. सोप्याचा पोपडा नखाने खरवडत राहिला. हे आम्हाला खेळ संपल्यावर त्या दोघांनी सांगितलं तेव्हा कळलं. नाटकात हा प्रवेश वाया गेला असता. लार्पमध्ये तो दोघांना पुरला.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यातल्या नवख्या लार्पवाल्याला अभिनय शिकवायची गरज नाही, प्रेक्षक विसरायला शिकवावं लागतं. आता हे मी जरा विस्ताराने...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मार्गदर्शन.

पहिल्या खेळाला राजा होऊ नका. ज्याला काहीतरी हवंय आणि ते दुसऱ्याकडून मागावं लागणार आहे, असं पात्र घ्या. म्हणजे गप्प बसता येत नाही. पात्राचा दहा पानी पूर्वेतिहास लिहू नका, तो कुणी वाचत नाही. जिंकायला येऊ नका. आपलं गुपित फुटू द्या, त्यातच मजा असते. ड्रेपरीवाल्याकडून जरीचा अंगरखा आणू नका; आजोबांची टोपी, काठी, जुना चष्मा पुरे, आणि चप्पल अशी की पळता येईल.

खेळाआधी थांबायचे शब्द ठरवा. परदेशात सहसा 'कट' आणि (गाडीचा असतो तो) 'ब्रेक' असतात. पहिल्याने सगळं थांबतं, दुसऱ्याने जोर कमी करायचा. आम्ही 'थांब' आणि 'सबूर' ठेवले. शब्द आला की कारण विचारायचं नाही. अंगाला हात लावायचा तर आधी ठरवून. खेळ संपल्यावर लगेच स्कूटरला किक मारू नका. अर्धा तास बसा, स्वतःच्या नावाने बोला. पात्राचा राग माणसात उतरतो, त्याला लार्पवाले 'ब्लीड' म्हणतात. आमचे गावकार आणि कंत्राटदार दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात एकमेकांशी बोलले नाहीत आणि दोघांनीही विसवण महाग घेतला.

तलवारवाल्यांसाठी : फटका आवरून मारायचा, डोक्यावर नाही. आत फायबरची कांडी असते, म्हणून भोसकायचं नाही. तलवारीवरच्या लॅटेक्सच्या थरावर सिलिकॉनचा फवारा मारतात. आपल्या दमट हवेत ते चिकट होतं, पण म्हणून खोबरेल चोळू नका, तेलाने लॅटेक्स खराब होतं. तलवार टोकावर उभी करून ठेवू नका, आडवी ठेवा.

नावं दाराशी वहीत लिहा. पात्र आम्ही देऊ. आणि ते पत्र कुणाकडे आहे?